गारठा, सर्दी आणि न लागणारं दही

मार्गशीर्ष सरत आला की ठाण्या-नवी मुंबईत पहाटेचा वारा जमिनीकडून सुटतो, माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. घसा, नाक, दही, फ्रिज. या खेपेची बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: थंडीत जंतूंचं नेमकं काय होतं? उत्तरांआधी एक आकडा सांगतो. मुंबईत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी आपला गारठा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास थांबतो आणि खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये तर पहाटेही बावीस-चोवीस अंश असतात. हुडहुडी आपल्याला भरते, जंतूंना नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : मुलगी सकाळी ओल्या केसांनीच कॉलेजला निघते. सासूबाई म्हणतात, “गारठा बाधेल, सर्दी होईल.” मुलगी म्हणते, “आजी, सर्दी विषाणूने होते, थंडीने नाही.” रोजचा वाद आहे. बरोबर कोण?
– वाचक, खारघर

मुलीचं वाक्य खरं आहे आणि आजींचा अनुभवही खोटा नाही.

सर्दीला विषाणू लागतोच. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा, आणि त्याचेही दीडशेहून जास्त प्रकार. म्हणूनच एकदा सर्दी झाली की पुन्हा होणार नाही, असं कधी होत नाही. पुढच्या वेळी भेटणारा प्रकार वेगळा असतो. हा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरवर ओळीने मांडायचे तर तेहतीस हजार मावतील.

इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ १९४६ ते १९८९ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे काही स्वयंसेवकांना आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळकांडीत अर्धा तास उभं केलं, नंतर ओले मोजे घालून ठेवलं. नुसत्या गारठ्याने कोणालाही सर्दी झाली नाही. इथवर मुलगी जिंकते.

आता आजींची बाजू. आपण श्वास घेतो तेव्हा बाहेरची हवा नाकातच गरम आणि ओलसर होते, त्यामुळे नाकाच्या आतलं तापमान शरीरापेक्षा कमी, ३३ अंशांच्या आसपास असतं. ऱ्हायनोव्हायरस ३३ ते ३५ अंशांत जोमाने वाढतो आणि ३७ अंशांना मंदावतो. म्हणूनच तो नाकात ठाण मांडतो, फुप्फुसात सहसा उतरत नाही. २०१५ साली येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर हेच तपासलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. विषाणू शिरल्यावर पेशी जो धोक्याचा इशारा देतात, म्हणजे इंटरफेरॉन सोडतात, तो इशारा ३३ अंशांना ३७ अंशांपेक्षा दुबळा पडतो. नाक गार म्हणजे पहारेकरी सुस्त.

वेल्समधल्या कार्डिफमध्ये २००५ साली १८० जणांवर एक साधा प्रयोग झाला. ९० जणांनी वीस मिनिटं गार पाण्यात पाय ठेवले, उरलेल्या ९० जणांनी रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या १३ जणांना सर्दीची लक्षणं जाणवली, दुसऱ्यातल्या ५ जणांना. नाकात विषाणू आधीच गुपचूप बसलेला असावा, पाय गारठल्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून प्रतिकार घटला असावा आणि सर्दी उघडी पडली असावी, असा त्या संशोधकांचा तर्क. त्यांनी विषाणूची तपासणी केली नव्हती, म्हणून हा तर्कच राहिला.

सगळ्यांत स्वच्छ उत्तर मात्र लुई पाश्चरने १८७८ मध्ये कोंबड्यांकडून मिळवलं. कोंबडीचं शरीर ४१-४२ अंशांचं, त्यामुळे तिला अँथ्रॅक्स, म्हणजे गुराढोरांना होणारा जीवघेणा रोग, होत नाही. पाश्चरने एका कोंबडीला अँथ्रॅक्सचे जिवाणू टोचून तिचे पाय गार पाण्यात ठेवले. तिचं तापमान उतरलं आणि ती मेली. दुसरीला नुसतेच जिवाणू टोचले, तिसरीला नुसतंच गार पाण्यात ठेवलं, दोघी जगल्या. टोचून गारठवलेली आणखी एक कोंबडी आजारी पडताच पाण्याबाहेर काढून उबेत ठेवली, तर तीही बरी झाली. आजी आणि नात, दोघींचं म्हणणं या कोंबड्यांत सामावलेलं आहे.

करायचं काय? केस टॉवेलने टिपून घ्यावेत, ते चांगलंच. पण सर्दी टाळण्यासाठी त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे हार्बर लोकलच्या दांड्याला धरलेला हात धुण्याआधी नाकाडोळ्यांना न लावणं. ऱ्हायनोव्हायरस हातावर काही तास तग धरतो. आणि सकाळच्या वाऱ्यात ओढणी डोक्यावरून घेण्यापेक्षा नाकावरून घेतलेली बरी, कारण ऊब हवी आहे ती नाकाला.

प्रश्न : थंडी पडली की दही लागतच नाही. लागलं तर पातळ, कधी चिकट तार सुटते. इडलीचं पीठही फुगत नाही. दूध, विरजण, तांदूळ, सगळं नेहमीचंच आहे.
– वाचक, नौपाडा, ठाणे

सगळं नेहमीचं आहे, ओटा तेवढा नेहमीचा नाही. दही म्हणजे जिवाणूंनी केलेलं काम, आणि विरजणातले मुख्य कामकरी ४० ते ४२ अंशांत सर्वांत वेगाने चालतात. ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. आम्लता ठरावीक पातळीवर गेली की दुधातलं प्रथिन, केसीन, एकमेकांना धरून बसतं. यालाच आपण दही लागणं म्हणतो. मे महिन्यात कोमट दूध ओट्यावर ठेवलं तर ते हळूहळू निवतं आणि चार-पाच तासांत काम उरकतं. जानेवारीत तेच दूध दीड-दोन तासांत बावीस-तेवीस अंशांवर येतं. जिवाणू मरत नाहीत, त्यांची चाल मंदावते. एवढ्या वेळात गारव्यात वाढणाऱ्या दुसऱ्या जातींचं फावतं. त्यांतल्या काही जाती चिकट पदार्थ सोडतात. ती तुमची तार.

दूध उकळून घ्या आणि निवू द्या. करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले, चटका बसला नाही, पण ऊब स्पष्ट जाणवली, की ते सुमारे चाळीस-बेचाळीस अंशांवर आलं. अर्ध्या लिटरला उन्हाळ्यात एक चहाचा चमचा विरजण पुरतं, आता दीड ते दोन घ्या. विरजण फ्रिजमधून काढून लगेच घालू नका, अर्धा तास बाहेर राहू द्या, मग दोन चमचे कोमट दुधात घोटून पातेल्यात मिसळा. पातेलं कॅसरोलमध्ये बसवा किंवा टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा. सात-आठ तास हलवायचं नाही. अर्धवट जमलेली जाळी धक्क्याने मोडली की पाणी सुटतं आणि पुन्हा नीट जमत नाही. अदमुरं दही हवं असेल तर सहाव्या तासाला उचलून फ्रिजमध्ये टाका. तिथे जिवाणू जवळजवळ थांबतात आणि आंबटपणा वाढत नाही.

सगळ्यांत जास्त होणारी चूक उलटीच असते. थंडी आहे म्हणून लोक दूध जास्त गरम असतानाच विरजण घालतात. पन्नास अंशांच्या पुढे विरजणातले जिवाणू दुबळे पडतात, आणखी गरम असेल तर मरतात. मग कितीही गुंडाळा, सकाळी दूध दूधच. आणखी एक कारण ठाऊक असावं: जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, अंश दुधात उतरला असेल तरीही दही लागत नाही. सगळं बिनचूक करूनही दोनदा फसलं, तर दूध बदलून पाहा.

इडलीच्या पिठाचे जिवाणू वेगळे. त्यांना तीस अंश पसंत, ते डाळ-तांदळावरच असतात, विरजण लागत नाही. पीठ फुगतं ते त्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने, आणि तो वायू धरून ठेवायला उडदाचा चिकटपणा लागतो. म्हणून डाळ हलकी होईपर्यंत वाटा. फ्रिजचं गार पाणी उन्हाळ्यात मिक्सर तापतो म्हणून घालतात, आता साधं पाणी घाला. पीठ हाताने कालवा. पातेलं दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये, किंवा तळाशी उकळतं पाणी घातलेल्या मोठ्या कुकरमध्ये वाटी पालथी घालून तिच्यावर ठेवा, शिट्टी न लावता झाकण टेकवा. आठऐवजी बारा ते सोळा तास द्या. सोडा घातला तर इडली फुगेल, पण आंबलेपणाची चव येणार नाही. ती चव जिवाणूच देतात.

प्रश्न : चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला, म्हणजे “इन्फेक्शन वाढलं” असं समजून ओळखीच्या दुकानातून तीन गोळ्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. दोन दिवसांत बरं वाटलं. तरी डॉक्टर रागावले. का?
– वाचक, ऐरोली

कारण बरं वाटण्याचा दिवस आणि गोळ्यांचा दिवस योगायोगाने जुळले. साधी सर्दी पहिल्या दोन दिवसांत पाण्यासारखी गळते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घट्ट आणि रंगीत होते, मग ओसरू लागते. सात ते दहा दिवसांत संपते. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. हिरवा रंग जंतूंचा नसतो. तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेझ नावाच्या एका विकराचा असतो, ज्यात लोह असतं. लढाईला आलेल्या पेशी मरून पडल्या की रंग दिसतो. सकाळी तो गडद दिसतो कारण रात्रभर शेंबूड एका जागी साचलेला असतो.

आता गोळीचं पाहू. दुकानातून अशा वेळी बहुधा मिळतं ते ॲझिथ्रोमायसिन. ते जिवाणूच्या रायबोझोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला जाऊन चिकटतं आणि ते यंत्र बंद पाडतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जिवाणूची भिंत बांधू देत नाहीत. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा रायबोझोम. तो आपल्या पेशीत शिरून आपलंच यंत्र वापरतो. म्हणजे गोळीला नेम धरायला काही उरतच नाही. ती लागते पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंना, म्हणून जुलाब होतात. आणि जे त्यातूनही वाचतात ते पुढे त्या औषधाला दाद न देणारी पिढी वाढवतात. त्यांच्याशी उद्या तुमचीच गाठ पडू शकते. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

प्रतिजैविक खरंच लागतं तेव्हाची चित्रं वेगळी असतात. दहा दिवस उलटले आणि तसूभरही उतार नाही. किंवा सर्दी बरी होत आली आणि मग अचानक ताप चढून पुन्हा उलटली. किंवा पहिल्यापासूनच ३९ अंशांचा ताप, गालाच्या हाडात ठणका आणि घट्ट पू, असं तीन-चार दिवस. घसा एकाएकी धरला, ताप आहे, गळ्याच्या गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि खोकला मात्र नाही, हे चित्र स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचं असू शकतं. लहान मुलांत ते अंगावर काढलं तर पुढे हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

प्रश्न : हिवाळ्यात आईस्क्रीम खाल्लं तर घसा धरतो का?
– वाचक (वय १२), कळवा

आईस्क्रीममुळे जंतू तयार होत नाहीत. घास घशातून उतरेपर्यंत वितळलेला आणि बराचसा कोमट झालेला असतो. घसा आधीच सुजलेला असेल तर गारव्याने उलट दुखणं कमी होतं. दम्याच्या मुलांना मात्र गार पदार्थाने किंवा गार हवेने खोकल्याची उबळ येऊ शकते. तुला दमा असेल तर आईबाबांचं ऐक. आणि ताटलीतला एकच चमचा सगळ्यांनी चाटायचा नाही.

प्रश्न : थंडी आहे म्हणून रात्रीची आमटी, भात ओट्यावरच ठेवतो, सकाळी उकळून घेतो. आणि फ्रीझरमध्ये जंतू मरतात, असं ऐकलं आहे. बरोबर ना?
– वाचक, कोपरखैरणे

दोन्ही नाही.

ओट्यावरची आमटी आधी घेऊ. ई. कोलाय हा जिवाणू ३७ अंशांत, भरपूर खाद्य असेल तर, वीस मिनिटांत दुप्पट होतो. आठ तासांत चोवीस दुपटी. एकाचे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. तुमच्या स्वयंपाकघरात चोवीस-पंचवीस अंशांत वेग बराच कमी असतो. तासाला एक दुप्पट धरली तरी दहा तासांत एकाचे १,०२४ होतात. थंडीने आमटीला नासायला वेळ लागतो एवढंच, आणि तीही झाकण ठेवलेली, काठोकाठ भरलेली असेल तर निम्मी रात्र गरमच राहते. ५ ते ६० अंशांचा पट्टा जंतूंना वाढीचा. आपला हिवाळा पूर्णपणे त्या पट्ट्यात येतो.

“सकाळी उकळतो ना,” हे आमटीला काही अंशी चालेल. भाताला चालत नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात निपचित पडलेली त्याची रूपं, असतात. ते कुकरमधूनही तगून बाहेर येतात, भात कोमट झाला की रुजतात आणि वाढताना उलट्या करवणारं विष सोडतात. हे विष उकळून किंवा परतून नष्ट होत नाही. जिवाणू मरतो, विष राहतं. फोडणीचा भात खाऊन तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तर दोष फोडणीचा नसतो, रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचा असतो. फोडणीच्या भातासाठी भात ताटात पसरून निववा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मोठ्या पातेल्यात तसाच ठेवलात तर मधला गोळा फ्रिजमध्येही कित्येक तास कोमट राहतो.

फ्रिजचं आतलं तापमान ५ अंशांच्या खाली हवं. दार सारखं उघडलं जातं, म्हणून दूध दारात न ठेवता आतल्या फळीवर ठेवावं. इथे जंतू मरत नाहीत, बहुतेक जण मंदावतात. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रिजमध्येही सावकाश वाढतो, म्हणून गरोदर बायकांनी फ्रिजमधलं शिळं चांगलं वाफाळेपर्यंत गरम करूनच खावं. फ्रीझरच्या उणे १८ अंशांना वाढ थांबते, पण बरेच जंतू जिवंत राहतात आणि पदार्थ वितळला की पुन्हा कामाला लागतात. प्रयोगशाळेत विषाणू जपून ठेवायचे असतील तर ते उणे ८० अंशांनाच ठेवतात. थंडी जंतूंना टिकवते. मारते ती उष्णता. म्हणून मटण बाहेर ओट्यावर न वितळवता आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवा.

प्रश्न : परदेशात हिवाळ्याला फ्लूचा मोसम म्हणतात. आमच्या सोसायटीत मात्र जुलै-ऑगस्टमध्ये घरटी ताप असतो. लस कधी घ्यावी?
– वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. कोरड्या, गार हवेत खोकल्यातून उडालेले थेंब पटकन सुकून हलके होतात आणि हवेत तरंगत राहतात. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात फ्लू पसरतो त्याचं हे एक कारण. २००७ मध्ये गिनीपिगवर झालेल्या प्रयोगात ५ अंशांना आणि कोरड्या हवेत फ्लू सहज पसरला. आपल्याकडे ५ अंश येतच नाहीत. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात फ्लूची मोठी लाट जून ते सप्टेंबरमध्ये येते, पावसात सगळे दारं-खिडक्या लावून एकत्र बसलेले असतात तेव्हा. दुसरी, लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये.

म्हणून लस पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घेणं आपल्याकडे सोयीचं. तिचा असर यायला दोन आठवडे लागतात. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. साठी-पासष्टीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांची मुलं यांनी डॉक्टरांशी बोलून ती जरूर घ्यावी. ही लस सर्दीवर चालत नाही. “लस घेऊनही सर्दी झालीच” ही तक्रार त्यामुळे लसीवर अन्याय करणारी आहे.

प्रश्न : नातू नऊ महिन्यांचा आहे. नाक चोंदलं की दूध ओढत नाही. मध चाटवू का? छातीला बाम, ओव्याची धुरी, वाफ?
– आजी, नेरूळ

आजी, मध अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. मध घरी उकळून हा धोका जात नाही. वर्षानंतर मात्र रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध खोकल्याला चांगला.

कापूर असलेला बाम दोन वर्षांच्या आत नको. नाकाच्या आत तर कोणत्याच वयात लावू नका. धुरीने बाळाच्या श्वासनलिकेची जळजळ वाढते, ती बंदच करा. वाफेच्या भांड्याने दरवर्षी लहान मुलं भाजतात. त्यातून मिळणारा फायदा एवढ्या धोक्याच्या लायकीचा नाही.

करायचं ते एवढंच: औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब, प्रत्येक नाकपुडीत दोन, दूध पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून चोंदलेल्या नाकाने त्याला एकाच वेळी ओढणं आणि श्वास घेणं जमत नाही. एका वेळी थोडं, पण वारंवार पाजा.

आणि श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना किंवा झोपेत, अंगरखा वर करून पोट-छातीची हालचाल पाहा. घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हे आकडे धोक्याचे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध पूर्ण तोडलं असेल किंवा बाळ मलूल पडलं असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : साबण की सॅनिटायझर?
– वाचक, वाशी

घरात साबण, प्रवासात सॅनिटायझर, ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोलचं. फ्लू आणि करोनाच्या विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं. साबण आणि अल्कोहोल दोन्ही ते फोडतात. उलट्या-जुलाब करवणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरण नाही आणि जिवाणूंच्या बीजाणूंना जाड कवच असतं. तिथे अल्कोहोल तोकडं पडतं, पण साबण त्यांना हातावरून सोडवतो आणि पाणी वाहून नेतं. म्हणून स्वयंपाकाआधी आणि शौचानंतर साबणच. वीस सेकंद चोळा, नखं आणि अंगठे विसरू नका. पाणी गरम असण्याची गरज नाही.

प्रश्न : रोज सकाळी उठल्या उठल्या वीस-वीस शिंका. नाक पाण्यासारखं गळतं, डोळे खाजतात, ताप नाही. दहानंतर सगळं थांबतं. थंडी सुरू झाल्यापासून असं चालू आहे.
– वाचक, वर्तकनगर, ठाणे

ही विषाणूची सर्दी वाटत नाही. ताप नाही, अंगदुखी नाही, खाज आहे, ठरावीक वेळ आहे आणि दिवस कितीही गेले तरी चित्र बदलत नाही. ही ॲलर्जी असावी, आणि पहिला संशय गोधडीवर. माळ्यावर आठ-नऊ महिने गुंडाळून ठेवलेल्या गोधडीत पावसाळाभर धुळीतले अतिसूक्ष्म किडे वाढतात. डोळ्यांना न दिसणारे, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे आणि पाणी हवेतल्या ओलाव्यातून शोषून घेणारे. हवेतली आर्द्रता सतत पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर ते टिकत नाहीत. खाडीकाठच्या आपल्या घरांत ती जूनपासून क्वचितच एवढी उतरते. शिंका किड्यांमुळे नव्हे, त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे येतात. म्हणून किडे मारून भागत नाही, धुऊन ती प्रथिनं काढावी लागतात.

गोधडी झेपत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्यात बरेच किडे वाचतात. धुणं शक्यच नसेल तर दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि गच्चीवर झोडपा, पण झोडपताना नाकाला फडकं बांधा आणि हे काम शिंकणाऱ्याने करू नये. मुलांची कापडी खेळणी पिशवीत घालून एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. थंडी जंतूंना टिकवते, पण या किड्यांना मारते. उशीला घट्ट विणीचा अभ्रा घाला, चादरी दर आठवड्याला बदला. डांबराच्या गोळ्या किड्यांवर फारशा चालत नाहीत, आणि त्यांच्यासोबत ठेवलेली दुपटी न धुता तान्ह्या बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तपेशी त्या वाफेने फुटतात.

एवढं करून दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर कारण बाहेरचं असू शकतं. हिवाळ्यात पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो, धूर आणि बांधकामाची धूळ वर जात नाही. मग खिडक्या दहानंतर उघडा, फिरायलाही ऊन चढल्यावर जा.

प्रश्न : नाक मोकळं करायला बाम बरा, वाफ बरी की जलनेती? नेतीचं पाणी कसं करायचं?
– वाचक, सीवूड्स

बामने नाक उघडत नाही, उघडल्यासारखं वाटतं. त्यातलं मेन्थॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या संवेदकाला चाळवतं आणि मेंदूला गार हवा आत येतेय असं वाटतं. उष्णता आणि गारवा ओळखणाऱ्या अशाच संवेदकांच्या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. झोप लागायला तेवढा भास पुरतो, म्हणून मोठ्यांनी बाम लावायला हरकत नाही. वाफेने शेंबूड पातळ होऊन थोडा वेळ बरं वाटतं. विषाणू मात्र त्याने मरत नाही, तेवढी गरम वाफ घेतली तर आधी नाकच भाजेल.

मिठाचं पाणी खरोखर साफ करतं. २५० मिलिलिटर पाण्याला सव्वादोन ते अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी. आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, जास्त झालं तर चरचरतं. आपल्या रक्ताएवढंच खारट असलं की काहीच जाणवत नाही, हीच बरोबर मापाची खूण. पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळलेलं आणि कोमट होईपर्यंत निववलेलं हवं. नळाचं किंवा टाकीचं पाणी थेट कधीही नाही. गोड्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि बहुधा जीव घेतो. साध्या फिल्टरवर विसंबू नका, उकळाच. मान बाजूला कलवून, तोंडाने श्वास घेत पाणी वरच्या नाकपुडीतून घालून खालच्या नाकपुडीतून येऊ द्या. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे ढकललं जातं. कान दुखत असेल तर त्या दिवशी नेती नको. लोटा उकळत्या पाण्याने विसळून पालथा घाला आणि पूर्ण वाळू द्या.